खुशीनं मागे राहिलो नाही

"इन दोनों को रोक लो. इनको क्या फर्क पड़ता है."

टाय लावलेला तो माणूस माझ्याशी बोलत नव्हता. माझ्या डोक्यावरून तो काउंटरमागच्या पोरीशी बोलत होता. माझ्या हातात दोन तिकिटांचे कागद होते. माझ्या बाजूला माझी लेक शोभा उभी होती, माझा दंड धरून. तिला समोरचं माणूस सावलीसारखं दिसतं. पण कान शाबूत आहेत. तिची बोटं माझ्या दंडात रुतली.

नागपूरच्या विमानतळावरची ही गोष्ट आहे. मी त्या दिवशी पहिल्यांदा विमानतळ पाहिला. विमानात मी आजपर्यंत बसले नाही. त्या दिवशीच बसणार होते, पक्कं तिकीट होतं. का बसले नाही, ते सांगते. त्यात माझीही चूक आहे, तीही सांगते.

आधी आम्ही दिल्लीला कशाला निघालो होतो ते ऐका.

आमचं गाव पांढरकवड्याकडे. जमीन आमची कधी नव्हती. दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचला, त्यावर पोरं मोठी केली. त्या वर्षी कापसावर अळी फार पडली आणि लोकांनी औषधही फार मारलं. दोन-तीन औषधं एकत्र करून मारलं. माणसं दवाखान्यात गेली, काही परत आली नाहीत. पंप पाठीवर गडीमाणसं घेतात. पण ड्रममध्ये पाणी कोण भरतं? बाया. औषध पाण्यात कोण कालवतं? बाया. काडी सापडली तर काडीनं, नाही तर हातानं. शोभानं बारा दिवस औषध कालवलं. तेराव्या दिवशी ती घरी आली आणि म्हणाली, "माय, दिवा लाव, अंधार पडला." बाहेर ऊन होतं.

साहेब लोक चौकशीला आले, तेव्हा मी शोभाला पुढे केलं. साहेबानं विचारलं, "ही फवारणी करत होती?" मी म्हटलं, "कालवत होती." तो म्हणाला, "बायका फवारणी करत नाहीत." आणि वही मिटली. तालुक्यातल्या एकाही बाईचं नाव विषबाधा झालेल्यांच्या यादीत आलं नाही.

मग यवतमाळच्या एका संस्थेतल्या ताईनं खटपट केली. दिल्लीत सुनावणी होती, मोठ्या समितीपुढे. बायांकडून बोलायला दोन जणींना वेळ मिळाला. शोभा आणि मी. शोभाचे डोळे दाखवायचे आणि मी बोलायचं. पत्र इतकं उशिरा आलं की रेल्वेनं पोचणं जमत नव्हतं. संस्थेनं विमानाची तिकिटं काढली. संध्याकाळचं विमान, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला सुनावणी. आमच्यामागे दुसरी कोणी बाई जाणार नव्हती. आम्ही पोचलो नाही तर बायांचं तोंडच तिथं नसणार, हे मला माहीत होतं. ताईनं फोनवर चारदा बजावलं, "आजी, लवकर जा. सगळ्यांच्या आधी उभ्या राहा."

आम्ही सगळ्यांच्या आधी गेलो. पहिली एसटी धरली. दुपारी विमानतळावर पोचलो तेव्हा आमच्या कंपनीचा काउंटर उघडलाही नव्हता. दारावरच्या शिपायानं कागद पाहिले आणि म्हणाला, "माताजी, बहुत जल्दी आ गए." मी म्हटलं, "हो बापा, उशीर नको." शोभा हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

काउंटर उघडला. समोर पट्टे लावून वाट केली होती. त्या वाटेत सगळ्यात आधी आम्ही दोघी. मागून एक जण चाकाची बॅग ओढत आला, कानाला फोन. मी काय केलं? बाजूला झाले.

त्यानं काही म्हटलं नव्हतं. हातही लावला नव्हता. मीच शोभाला ओढून पट्ट्याच्या कडेला घेतलं आणि तो पुढे गेला. त्याच्यामागे नवरा-बायको, तीन पोरं. त्यांना वाट दिली. मग ऑफिसातल्यासारख्या चार पोरी. त्यांनाही. मी पिशवीत काहीतरी शोधत असल्यासारखं करत होते. काही शोधत नव्हते. कागद हातातच होते.

हे मी का केलं, ते दुसऱ्या कोणाला समजणार नाही. आमच्याकडच्या बायांना समजेल. गावातल्या हापशीवर आम्ही पाण्याचे गुंड घेऊन आधी गेलो तरी आधी भरत नव्हतो. पाटलाच्या, देशमुखाच्या घरची बाई दुरून येताना दिसली की आमची बाई गुंड उचलून बाजूला. कोणी हाकलत नव्हतं. माझ्या सासूच्या काळात हाकलत होते. माझ्या काळात हाकलायची गरज उरली नव्हती. वावरात संध्याकाळी वेचलेला कापूस मोजायचा तेव्हाही आमची गाठोडी शेवटी. सकाळचा दवाचा कापूस जड असतो, उन्हात तो वाळत जातो. शेवटी मोजायचा म्हणजे हलका मोजायचा. मजुरी किलोवर. आम्हाला हे कळत नव्हतं असं नाही. तरी मागे. आम्ही बुद्धविहारात बसतो, बाबासाहेबांचा फोटो घरात आहे, जयंतीला मी निळं लुगडं नेसून मिरवणुकीत सगळ्यात पुढे असते. आणि रांगेत उभं राहायचं म्हटलं की पाय आपोआप मागे जातात.

शोभा विचारत होती, "माय, किती जन हायेत समोर?"

"हायेत चार-दोन."

थोड्या वेळानं पुन्हा. "आता?"

"हायेत अजून. येते आपला नंबर."

समोर कधी एक जण होता, कधी कोणीच नव्हतं. मागून येणाऱ्यांची मी वाट बघत होते. माझ्या डोळ्यांनी मी तिला फसवत होते.

सगळे संपले तेव्हा मी पुढे गेले. वर मोठं घड्याळ होतं. विमानाला अजून सव्वा तास होता. काउंटरमागची पोर चांगली होती. केस बांधलेले, ओठ रंगवलेले, पण बोलणं आपल्याकडचं. तिनं कागद पाहिले, टकटक केलं, पुन्हा टकटक केलं, आणि उठून टायवाल्याला बोलावून आणलं. त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यात पाहिलं आणि मग आमच्याकडे. माझी चप्पल, शोभाची कापडी पिशवी, तिचा काळा चष्मा. पाहून झालं. म्हणाला, "आजी, फ्लाइट फुल झाली."

मी म्हटलं, "तिकीट हाय आमच्यापाशी."

"तिकीट आहे, पण सीट नाही."

"सीट नाही तं तिकीट कशाचं हाय?"

पोरीनं मान खाली घातली. हळूच म्हणाली, "आजी, सीट असतात त्याच्यापेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात. काही लोक येतच नाहीत ना, म्हणून. आज सगळेच येतायत."

आमच्याकडे पांढरकवड्याहून जीप सुटते. नऊ माणसांच्या जागी सतरा भरतात. पण तो ड्रायव्हर पैसे घेऊन कोणाला खाली ठेवत नाही. पोराला मांडीवर देतो, म्हाताऱ्याला बोनेटवर बसवतो, शिव्या देतो, पण नेतो. हे मी त्या पोरीला सांगितलं. तिला हसू आलं आणि तिनं ते दाबलं.

तेवढ्यात मागून दोन माणसं धावत आली. घामाघूम. एकानं टायवाल्याला नावानं हाक मारली. "अरे, ट्रॅफिकमध्ये अडकलो यार." टायवाल्यानं पोरीकडे पाहिलं आणि तेव्हा तो ते बोलला. इन दोनों को रोक लो. इनको क्या फर्क पड़ता है. आम्हाला नाही म्हटलेल्या सीटच्या चिठ्ठ्या त्या दोघांना निघाल्या. आमच्या डोळ्यांदेखत. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत.

शोभानं विचारलं, "माय, हे आता आले ना? आपल्या मागून?"

मी घड्याळाकडे पाहिलं.

"आपण तं पयले आलतो. तो शिपाई म्हने, बहुत जल्दी आ गए. मंग आपण मांगं कशा?"

काउंटरवरची पोर म्हणाली, "ताई, आजी सगळ्यांना पुढे जाऊ देत होत्या. मी बघत होते. मला वाटलं तुमचं अजून कोणी यायचं आहे."

तिनं वाईट हेतूनं सांगितलं नाही. पण शोभानं माझा दंड सोडला. इतका वेळ धरलेला दंड सोडून दिला. म्हणाली, "माये डोये गेले. तुये तं होते ना."

मी सत्तरीला आले आहे. नवरा गेला, एक पोरगा गेला, भर पावसात घर पडलं. लोकांनी मला पुष्कळ बोल लावले. त्या एका बोलाइतका कुठला बोल लागला नाही. कारण बाकीचे बोल खोटे होते.

टायवाला तोवर एक कागद घेऊन आला. सगळा इंग्रजीत. पेन पुढे केला. "आजी, इथं सही करा. अंगठा चालेल. रात्री हॉटेल देतो, जेवण देतो, उद्या दुपारच्या फ्लाइटनं पाठवतो. फुकट राहायला मिळेल, एसी रूम. मजा करा."

"सुनावनी सकाळी हाय."

"मग पुढच्या सुनावणीला जा. तुम्हाला काय ऑफिस आहे का?"

मी पेन घेतला नाही. त्या पोरीला म्हटलं, "बाई, यात काय लिवलं हाय, मराठीत वाच."

टायवाला म्हणाला, "काही नाही, फॉर्मॅलिटी असते."

मी म्हटलं, "तुले नाही इचारलं. तिले इचारलं."

पोरीनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग कागद ओढून घेतला आणि खालच्या आवाजात वाचला. आम्ही दोघी स्वतःच्या इच्छेने आमच्या जागा सोडत आहोत आणि कंपनीविरुद्ध आमची काही तक्रार नाही.

स्वतःच्या इच्छेने.

मला सगळं एकदम दिसलं. हा माणूस आज पहिल्यांदा हे लिहून आणत नव्हता. हे आमच्यावर कधीपासून लिहिलेलं आहे. मागे उभ्या राहतात, स्वतःच्या इच्छेने. शेवटी मोजून घेतात, स्वतःच्या इच्छेने. हातानं विष कालवतात, स्वतःच्या इच्छेने. आणि त्या दिवशी दुपारी तर मी खरंच माझ्या पायांनी बाजूला झाले होते. त्याच्या कागदातलं अर्धं खोटं मीच खरं करून ठेवलं होतं. आता फक्त सही राहिली होती.

मी म्हटलं, "सही करत नाही."

"आजी, सही नाही केली तर हॉटेलही मिळणार नाही."

"नको."

"सगळ्यांनाच विचारलं आम्ही. कोणी तयार झालं नाही."

पोर पडद्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावरून कळलं की कोणालाच विचारलं नव्हतं.

काउंटरच्या बाजूला भिंतीवर काचेत एक पाटी होती. अर्धी पाटी रिकाम्या ट्रॉल्यांमागे. वर इंग्रजी, खाली हिंदी. अक्षरं आपलीच. मी चौथी शिकलेली आहे. चौथीतलं वाचन अजून जसंच्या तसं आहे, बोट ठेवून, एक एक शब्द, मोठ्यानं. मला मनात वाचता येत नाही. मी ट्रॉली सरकवली आणि वाचायला लागले. जागा कमी पडली तर कंपनीनं आधी प्रवाशांना विचारायचं की कोण स्वेच्छेने राहायला तयार आहे. स्वेच्छा शब्दाशी मी अडले. शोभा सातवी झाली आहे. तिनं दुरूनच सांगितलं, रागातच सांगितलं, "खुशीनं. स्वेच्छा म्हंजे खुशीनं." पुढे वाचलं. जो तयार नाही त्याला मागे ठेवलं तर भरपाई द्यायची.

लोक थांबून बघायला लागले. टायवाला जवळ आला. "आजी, आवाज करू नका."

"वाचून राह्यली. तुमचंच लिवलेलं हाय."

"ते सगळं ठीक आहे. पण आता गेट बंद झालं."

घड्याळात पाहिलं. झालंच असेल. चौथीच्या वाचनाला वेळ लागतो. विमान माझ्या वाचनासाठी थांबलं नाही, आणि काचेतून ते मला दिसलंही नाही. कोणीतरी सांगितलं, गेलं.

शोभा खाली बसली, फरशीवर. ती रडली नाही. तिला डोळ्यांतून पाणी येतं ते औषधामुळे, दिवसभर येतं. मी तिच्याजवळ बसले. तिनं हात झटकला. मी बसून राहिले. मग उठले, आणि जाऊन काउंटरसमोर बसले. बाजूला नाही. बरोबर समोर, जिथं पहिल्या माणसानं उभं राहायचं असतं तिथं. पुढच्या विमानाची माणसं यायला लागली होती.

टायवाला म्हणाला, "हे काय चाललंय?"

मी म्हटलं, "लिहून द्या. आमच्यापाशी तिकीट होतं, आम्ही वेळेच्या आधी आलो, आणि तुमी आमाले आमच्या मर्जीविरुद्ध ठेवलं. एवढं लिहून द्या. शिक्का मारा."

"असं लिहून देत नाहीत."

"खुशीचं लिवून आनलं तेव्हा तं लई लवकर आनलं."

रांगेतला एक जण म्हणाला, "आजी, जरा सरका ना, आमचं होऊ द्या." आणि खरं सांगते, माझे पाय हलले. सत्तर वर्षांची सवय आहे. मी दोन्ही हातांनी गुडघे धरले आणि बसून राहिले. त्याला म्हटलं, "मायं झालं की मंग तुमचं." त्यानं तोंड वाकडं केलं. वर्दीतली बाई आली. "माताजी, उठिए." मी तिला तिकीट दाखवलं, भिंतीवरची पाटी दाखवली. तिनं पाटी वाचली, पूर्ण वाचली, आणि टायवाल्याला काहीतरी म्हणाली. उठवलं नाही.

तास गेला असेल. शेवटी कागद आला. इंग्रजीत होता. मी म्हटलं, मराठीत पाहिजे. त्या पोरीनं खाली स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलं. अक्षर सुरेख होतं. मर्जीविरुद्ध हा शब्द मी बोट ठेवून दोनदा वाचला. टायवाल्यानं सही केली. माझ्याकडे न बघता केली. पोरीनं कागद देताना म्हटलं, "आजी, माझी आईपण गावात हापशीवर अशीच बाजूला होते." एवढंच म्हणाली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

त्या रात्री आम्ही नागपुरात शोभाच्या मावससासूकडे राहिलो. सकाळी साडेनऊला दोघी एसटी स्टँडवर होतो. शोभानं विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं. या वेळी खरं सांगितलं.

भरपाईचे पैसे पुढे बँकेत आले. ताईनं अर्ज केला होता. नियमाचे होते, घेतले. उपकार मानले नाहीत. त्या पैशानं गेलेली वेळ परत आली नाही.

सुनावणीचा अहवाल आला. ताईनं मला वाचून दाखवला. शेतकरी बोलले, औषध कंपन्यांची माणसं बोलली, डॉक्टर बोलले. आणि एक ओळ होती. महिलांच्या वतीने कोणीही उपस्थित राहिले नाही.

ताईनं वाचणं थांबवलं. मी म्हटलं, "पुन्हा वाच." तिनं पुन्हा वाचलं. वाक्य खोटं नव्हतं. आम्ही तिथं नव्हतो. पण वाचणारा काय समजेल? बायांना बोलवलं, बाया आल्या नाहीत. त्यांना काही सांगायचं नसेल. त्यांचं काही गेलं नसेल.

मी तो मर्जीविरुद्धचा कागद दिल्लीला पाठवला. सोबत पत्र लिहिलं, माझ्या हातानं. चार दिवस लागले. पत्रात एवढंच, की ती ओळ खोडा. लिहा की दोघी निघाल्या होत्या, तिकीट काढून, आणि त्यांना येऊ दिलं नाही. आणि दुसरी तारीख द्या. उत्तर आलं, तारीख कळवण्यात येईल.

अजून कळवलेली नाही.

शोभानं मला माफ केलं का, हे लोक विचारतात. मी तिला विचारलं नाही. विचारायचा माझा अधिकार नाही. ती माझा दंड धरते, कारण धरावा लागतो. पण आता बाहेर कुठं गेलो की ती मला विचारत नाही, समोर किती जण आहेत. स्वतः मोठ्यानं विचारते, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्या पयले कोन हाय?" लोकांना सांगावं लागतं. मला शरम वाटत होती सुरुवातीला. आता मी सांगते, कोणी नाही, तूच आहेस.

दर सोमवारी मी यवतमाळला कलेक्टर कचेरीत जाते, दिल्लीची तारीख तिथंच कळणार आहे. बाबू मला ओळखतो. "आजी, पुन्हा आल्या? आलं की कळवू म्हटलं ना." मी म्हणते, "तारीख." तो म्हणतो, "दिल्लीहून यायची आहे, माझ्या हातात नाही." मी म्हणते, "मी आली होती हे लिवून घ्या." आधी तो लिहीत नव्हता. मी उभी राहिले. आता लिहितो. तारीख, माझं नाव, शोभाचं नाव. मी वाचून बघते आणि मगच सही करते.

मेले तर शोभा जाईल. तिनं तसं सांगितलं आहे, मला नाही, बाबूला सांगितलं. महिलांच्या वतीने कोणीही नाही, असं आमच्याबद्दल लिहिलेलं आहे. ती ओळ खोडल्याशिवाय आम्ही उठत नाही.